गावदेवी डोंगर किती वर्षांचा? एका फलकाचं प्रकरण

नवरात्र महिन्यावर आलं होतं. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलजवळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, तुम्ही दगडांच्या ना? आमच्या गेटशेजारी डोंगराची माहिती देणारा फलक लावायचाय. मजकूर तयार आहे, फक्त एकदा नजर घाला." मजकूर व्हॉट्सअॅपवर आला. चारच ओळी होत्या. गिल्बर्ट हिल हा काळ्या दगडाचा अखंड डोंगर. वय ६ कोटी ६० लाख वर्षे. ज्या ज्वालामुखीने डायनोसॉर संपवले त्याच ज्वालामुखीतून याचा जन्म झाला. असे खडक जगात फक्त दोन-तीन ठिकाणी आहेत.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. नजर घालायला दोन दिवस पुरतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी हा मजकूर प्रकल्प म्हणून दिला. प्रत्येक ओळीपुढे पुरावा लिहायचा आणि पुरावा नसेल तर ओळ खोडायची, एवढीच अट. त्या तीन आठवड्यांत आम्ही काय पाहिलं, कशावर अडलो आणि फलकावर शेवटी काय गेलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. दगडाचं मूळ कसं शोधतात हे समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

शेवटची ओळ आधी निकालात निघाली. खांबांसारखा फुटलेला कातळ जगात पुष्कळ ठिकाणी आहे. उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे, अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर आणि डेव्हिल्स पोस्टपाइल ही नावाजलेली ठिकाणं. आपल्याकडे उडुपीजवळचं सेंट मेरी बेट आहे, कोल्हापूरकडे पन्हाळ्याच्या परिसरातही असे खांब दिसतात. गिल्बर्ट हिल दुर्मीळ ठरतो तो त्याच्या जागेमुळे. इमारतींच्या गर्दीत जवळजवळ ६० मीटर उंचीचा सरळसोट काळा सुळका उभा आहे. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेचं देऊळ, आणि वर जायला कातळातच खोदलेल्या पायऱ्या. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीचं स्थान दिलं. आजूबाजूचे लोक आजही त्याला गावदेवीचा डोंगरच म्हणतात.

खरं काम होतं मधल्या दोन ओळींचं.

खांब काय सांगतात

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पायथ्याशी जमलो. हातोडा कुणीही आणायचा नाही, असं मी आदल्या दिवशीच बजावलं होतं. वारसा म्हणून राखलेल्या कातळावर घाव घालायचा नसतो, आणि वरून सुटलेले तुकडे पायथ्याला पडलेले असतात, शिकायला ते पुरतात. मुलांनी भिंगं काढली. एकीने मुठीएवढा तुकडा उचलून ताज्या फुटलेल्या बाजूवर भिंग धरलं. काळ्या-करड्या पिठात बारीक चकचकीत काड्या दिसल्या. ते प्लेजिओक्लेज, म्हणजे फेल्स्पार या खनिजाचा एक प्रकार. त्यांच्या मधल्या जागेत पायरॉक्सिन हे काळपट खनिज. हा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा गोठून झालेला काळा दगड आहे, हे सांगायला एवढं बास. नंतर प्रयोगशाळेत त्याच तुकड्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा त्या काड्या एकमेकींत गुंतून बसलेल्या स्पष्ट दिसल्या.

मग सगळे खांबांकडे वळले. लाव्हा थंड होताना आकसतो. वरून आणि खालून उष्णता निघून जाते, थर गोठत जातो, आकसण्याचा ताण वाढतो आणि कातळ तडकतो. तडे साधारण समान अंतरावर पडले की पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडणाऱ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, तत्त्व तेच. फरक इतकाच की इथे भेग गोठणाऱ्या भागाच्या मागोमाग थराच्या पोटात शिरत जाते आणि खांबाची लांबी वाढत जाते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आइसलँडच्या बेसाल्टवर प्रयोग करून दाखवलं की हे तडे ८४० ते ८९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पडतात. म्हणजे खडक पूर्ण घट्ट झालेला असतो, पण अजून लालबुंद असतो.

भेग एका दमात जात नाही. थोडी पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक टप्प्याची एक आडवी पट्टी खांबाच्या बाजूवर उमटते. गिल्बर्ट हिलच्या एका खांबावर सकाळचं तिरकं ऊन पडलं होतं. एका विद्यार्थ्याने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे पोळपाटाच्या कडेसारखं लागतंय, एकावर एक." बोटाला जाणवत होत्या त्या याच पट्ट्या. कातळ गार होतानाची प्रत्येक हालचाल तिथे एकाखाली एक नोंदलेली आहे. त्या दिवशी आम्ही तासभर तिथेच रेंगाळलो आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत, त्यामुळे इथला लाव्हाचा थर आडवा पसरलेला होता. तो थर जमिनीवर वाहिला आणि एखाद्या खोलगट जागी साचला, की जुन्या थरांच्या मध्ये घुसून जमिनीखालीच गोठला, हे नुसत्या खांबांवरून ठरत नाही. त्यासाठी थराचा माथा आणि तळ बघावा लागतो. वरचा खडक भाजलेला असेल तर लाव्हा आत घुसलेला. वरच्या अंगाला वायूचे फुगे अडकलेले असतील तर तो उघड्यावर वाहिलेला.

सोसायटीचे एक काका आमच्याबरोबर आले होते. त्यांचं सगळं बालपण इथेच गेलं. त्यांनी हाताने दाखवलं. "इथून तिथपर्यंत सगळा असाच दगड होता. खाण चालायची. लाल बावटा दाखवायचे, शिट्टी मारायचे, आम्ही पोरं भिंतीआड पळायचो, मग धडाम." आज उभा आहे तो त्या खाणीतून उरलेला मधला भाग. बाकीचा दगड खडी होऊन मुंबईच्या रस्त्यांत आणि इमारतींत गेला. ज्या कडांवर थराचा माथा-तळ वाचता आला असता, त्या कडाही त्याच्याबरोबर गेल्या. काकांचं ते 'इथून तिथपर्यंत' एका मुलीने वहीत नकाशा करून उतरवलं. पुरावा म्हणून मी ते पान अहवालाला जोडलं.

घाटातला दगड आणि मुंबईचा दगड

६ कोटी ६० लाख हा आकडा कुठून आला, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तो दख्खनच्या मुख्य लाव्हाचा काळ आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, आणि शेजारच्या राज्यांतले पट्टे धरून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या लाव्हाखाली आहे. सह्याद्रीत याचे थरावर थर दिसतात. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात उभं राहिलं की पायऱ्या पायऱ्यांचे कडे नजरेत भरतात. २०१५ मध्ये ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून हा काळ फार बारकाईने मोजला. मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा बाहेर पडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. डायनोसॉरांचा अंत ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर मोठी उल्का आदळली. लाव्हाचा वाटा किती आणि उल्केचा किती, यावर शास्त्रज्ञांची आजही झोंबाझोंबी चालू असते. त्यामुळे 'ज्या ज्वालामुखीने डायनोसॉर संपवले' ही ओळ घाटातल्या एखाद्या फलकावरसुद्धा इतक्या ठामपणे लिहिता येणार नाही.

प्रश्न मात्र वेगळा होता. घाटाचं वय गावदेवीच्या डोंगराला लावायचं का?

एरवी कुणीही लावेल. सगळा दख्खनचाच तर काळा दगड. मीही कित्येक वर्षं वर्गात मुंबईचा नकाशा एकाच रंगात रंगवला. पण मुंबईचा दगड पहिल्यापासून जरा वेगळा वागत आला आहे आणि जुन्या लोकांनी ते ओळखलंही होतं. एच. जे. कार्टर यांनी १८५२ मध्येच मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिलं. वरळीच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळाच्या खडकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. त्या बेडकाला आज इंडोबॅट्रॅकस म्हणतात. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे पाणी साचलं होतं आणि त्यात बेडूक नांदत होते. शिवडी-वरळीकडे लाव्हा पाण्यात उतरला की होणाऱ्या उशीसारख्या गोळ्यांचा खडक आहे. मालाड, मनोरी, गोराई, डोंगरी या पट्ट्यात ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे, लाव्हाचेच दगड आहेत. घाटात असे फिकट दगड शोधूनही क्वचितच मिळतात. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर दगडही याच बाजूच्या खारोडीचा. सेंट झेवियर्सचे आर. एन. सुखेश्वाला यांनी आर्ये पोल्डरव्हार्ट यांच्याबरोबर १९५८ मध्ये मुंबई भागातल्या बेसाल्टवर सविस्तर निबंध लिहिला. तेव्हापासून हा वेगळेपणा अभ्यासात पक्का बसलेला आहे.

दुसरा फरक लोकलमधूनही दिसतो. कर्जत-कसाऱ्याकडे थर जवळजवळ आडवे असतात. पारसिकच्या टेकड्यांपासून पुढे ते पश्चिमेला, समुद्राकडे कलू लागतात. या वळणाला भूशास्त्रात पनवेलची वळी म्हणतात. पदर एका बाजूने खाली ओढला तर जसा झोल पडतो, तसा किनाऱ्याजवळचा सगळा लाव्हा समुद्राच्या बाजूला झुकला आहे.

इथे एका विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला की मी वर्ग थांबवून फळ्यावर आकृती काढली. "मॅडम, आजूबाजूचे थर कललेत आणि गिल्बर्ट हिलचे खांब सरळ उभे आहेत. मग हा डोंगर थर कलल्यानंतर आला का?" तर्क सुरेख होता. खांब उभे असणं म्हणजे थर नंतर फारसा कललेला नाही, असं तिचं म्हणणं. पण त्यात एक अडचण आहे. खांबांची दिशा थंड होणाऱ्या पृष्ठभागावर ठरते आणि तो पृष्ठभाग आधी थोडा उतरता असेल तर हिशोब बदलतो. निव्वळ उभेपणावर वय ठरवायचं नाही, असं मी तिला सांगितलं. तिने वहीत लिहिलं, 'संशय आहे, पुरावा हवा'. त्या संशयाने आम्हाला तिसऱ्या आठवड्याकडे नेलं.

दगडाचं वय कसं निघतं

२००१ मध्ये हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात गिल्बर्ट हिलच्या बेसाल्टचं वय प्रसिद्ध केलं : ६ कोटी ५ लाख वर्षं, मागेपुढे १२ लाख. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या ट्रॅकाइटचीही वयं काढली. ती ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख आली, दोन्हींना मागेपुढे ६ लाख. फलकाच्या मजकुरातला आकडा ६ कोटी ६० लाख. फरक ५५ लाख वर्षांचा.

समितीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "अहो मॅडम, कोटींच्या हिशोबात पन्नास-पंचावन्न लाख काय! कोण मोजायला बसलंय?" प्रश्न सरळ होता, म्हणून मीही सरळ उत्तर दिलं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्याला सुमारे साडेतीनशे वर्षं झाली. तेवढ्या काळात याच प्रमाणात चूक केली तर आपण राज्याभिषेक १६४२ मध्ये नेऊन ठेवू. तेव्हा महाराज बारा वर्षांचे होते. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग नीट सांगा, हे मोजतात कसं?"

नीट सांगायला पाऊण तास लागला. इथेही जरा सविस्तरच सांगते, कारण दगडावर वय कोरलेलं नसतं आणि आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

बेसाल्टमध्ये थोडं पोटॅशियम असतं. त्यातला अगदी लहानसा वाटा पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराचा. तो फार सावकाश मोडतो. निम्मा मोडायला १२५ कोटी वर्षं लागतात. मोडताना त्यातल्या साधारण दहा-अकरा टक्के अणूंचा आरगॉन-४० हा वायू होतो. लाव्हा वितळलेला असतो तोवर आरगॉन बुडबुड्यांसारखा निसटून जातो. दगड गोठला की तो खनिजांच्या जाळीत अडकायला लागतो. म्हणून किती पोटॅशियम उरलंय आणि किती आरगॉन साठलाय हे मोजलं की गोठण्याचा काळ निघतो. वाळूचं घड्याळ म्हणा हवं तर. वरच्या भांड्यात पोटॅशियम, खालच्यात आरगॉन.

खाचखोच पुढे आहे. पोटॅशियम घन आणि आरगॉन वायू, दोन वेगळ्या तुकड्यांत दोन वेगळ्या पद्धतींनी मोजायचे म्हटलं की चुका शिरतात. त्यावर उपाय असा : दगडाचे दाणे अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायचे. पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचा तिथे आरगॉन-३९ होतो. आता पोटॅशियमसुद्धा आरगॉनच्याच रूपात मोजता येतं, एकाच दाण्यातून, एकाच यंत्रात. सोबत ज्याचं वय आधीच पक्कं ठाऊक आहे असं एखादं खनिज ठेवतात, म्हणजे न्यूट्रॉनचा मारा किती बसला याचा हिशोब लागतो.

त्यानंतर दाणे एकदम वितळवायचे नाहीत. तापमान पायरीपायरीने वाढवायचं. प्रत्येक पायरीला निघालेला आरगॉन वेगळा मोजायचा आणि त्यावरून वेगळं वय काढायचं. दगड नंतर भाजला असेल, पाण्याने कुजला असेल, त्याच्या कडांमधून आरगॉन झिरपून गेला असेल तर सुरुवातीच्या पायऱ्यांवर वय कमी दिसतं. बाहेरून जास्तीचा आरगॉन शिरला असेल तर काही पायऱ्यांवर वय जास्त दिसतं. मधल्या सलग पायऱ्यांवर तेच वय पुन्हा पुन्हा आलं, आलेखात एक सपाट पठार दिसलं, आणि निम्म्याहून जास्त आरगॉन त्या पठारात असला, तरच ते वय मान्य करायचं. इथे पठार हा शब्द मला फार आवडतो. आपल्याच पठाराच्या दगडाचं वय आलेखातल्या पठारावरून ठरतं.

मुंबईच्या दगडाला ही काळजी दुप्पट लागते. पाण्यात उतरलेल्या लाव्हाने, खाऱ्या पाण्याने आणि नंतरच्या गरम पाण्याने इथले पुष्कळ दगड आतून बदललेले आहेत. कांदिवलीच्या खाणीतले झिओलाइट या खनिजांचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. दिसायला देखणे असले तरी वय काढायला निघालेल्या माणसाला ते नको असतात, कारण दगड बदलला गेल्याची ती खूण. म्हणून नमुना निवडताना भेगा नसलेला, शिरा नसलेला, ताजा काळा तुकडा शोधायचा, कुटायचा, चाळायचा, सौम्य आम्लाने धुवायचा आणि मग भिंगाखाली एकेक दाणा वेचायचा. गव्हातले खडे निवडतो तितक्या निगुतीने.

एका मुलाने चांगली शंका काढली. गिल्बर्ट हिलमधून आरगॉन गळला असेल आणि त्यामुळे वय कमी दिसत असेल तर? एका दगडाच्या एका आकड्यावर भिस्त ठेवली असती तर त्याची शंका मोठी झाली असती. पण ट्रॅकाइट हा वेगळ्या खनिजांचा, जास्त पोटॅशियमचा दगड आहे आणि तोही त्याच सुमाराचं वय सांगतो. २०१७ मध्ये पांडे, यतीश आणि शेठ यांनी मुंबईच्या बेसाल्टची आणखी वयं प्रसिद्ध केली. ती ६ कोटी २५ लाख वर्षांच्या भोवती जमली आणि तो जोराच्या उद्रेकाचा काळ होता असं त्यांनी मांडलं. हा आकडा गिल्बर्ट हिलच्या ६ कोटी ५ लाखांशी तंतोतंत जुळत नाही, थोडा जुना आहे. मुंबईतला लाव्हा एकाच दिवशी आला नाही, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. पण या सगळ्या आकड्यांतला एकही ६ कोटी ६० लाखांच्या जवळ जात नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मुलांनी मजकुरातली दुसरी आणि तिसरी ओळ खोडली.

मग हा लाव्हा आला कशामुळे

खोडलं की तिथे काय लिहायचं हा प्रश्न येतोच. ६ कोटी ६० लाखांनंतर घाटातला उद्रेक संपला होता, तर मग मुंबईत पुन्हा लाव्हा का आला?

याचं उत्तर पश्चिमेला आहे. भारत त्या काळात उत्तरेकडे सरकत होता आणि त्याच्या पश्चिम कडेला चिकटून सेशेल्सचा भूभाग होता. सेशेल्सच्या मुख्य बेटांचा दगड ग्रॅनाइट आहे, सुमारे ७५ कोटी वर्षं जुना, म्हणजे खंडाचा तुकडा. साधारण ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास हा तुकडा आणि लक्ष्मी कटक नावाचा आज समुद्राखाली असलेला भाग भारतापासून सुटायला लागला. जमीन ताणली गेली, पृथ्वीचं कवच पातळ झालं, त्याच्या खालच्या तप्त थरावरचा, म्हणजे प्रावरणावरचा भार हलका झाला आणि ते वितळलं. दाब कमी झाला की प्रावरण वितळतं, त्यासाठी वेगळी आग लागत नाही. तो शिलारस ताणलेल्या कडेला मिळेल त्या भेगेतून वर आला. मुंबई नेमकी त्या कडेवर आहे. पनवेलची वळीसुद्धा याच ताणाची खूण. सेशेल्सच्या सिलुएट आणि नॉर्थ या बेटांवरही त्याच सुमाराचे, ६ कोटी ३० लाखांच्या आसपासचे अग्निजन्य खडक आहेत. आज मुंबई आणि सेशेल्समध्ये तीन हजारांहून जास्त किलोमीटर समुद्र आहे. एके काळी दोन्ही एकाच फाटणाऱ्या कपड्याच्या दोन कडा होत्या आणि शिवण उसवली तिथून लाव्हा आला.

फिकट दगडाचं मूळ दाखवायला मी मुलांना मनोरीला नेलं. मालाडहून मार्वे, तिथून बोटीने पलीकडे. ओहोटी होती म्हणून खडक उघडे पडले होते. फिकट ट्रॅकाइटमध्ये काळ्या बेसाल्टचे गोळे अडकलेले आहेत. काही सुपारीएवढे, काही नारळाएवढे. गोळ्यांच्या कडा सरळ नाहीत, झालर असावी तशा दंतुर आहेत. दगड फुटून दगडात पडला असता तर कडा टोकदार आणि तुटक दिसल्या असत्या. या कडा वितळलेला वितळलेल्यात शिरल्यावर होतात. गरम काळा शिलारस कमी गरम फिकट शिलारसात घुसला, कडेने आधी गोठला आणि गोळे होऊन तिथेच राहिला. २०१२ मध्ये झेलमर, शेठ आणि सहकाऱ्यांनी मनोरी-गोराईच्या याच मिसळणीवर निबंध लिहिला. खोल कुठेतरी आधीच गोठू लागलेला फिकट खडक खालून नवा काळा शिलारस आल्यामुळे पुन्हा हलता झाला, असं त्यांनी दाखवलं. एक मुलगी गुडघ्यावर बसून एका गोळ्याची कड भिंगातून पाहत होती. लाट आली, सलवार भिजली, तरी ती उठली नाही. "मॅडम, कडेला दाणे बारीक आहेत आणि मध्ये मोठे," ती म्हणाली. कड लवकर गोठली म्हणून दाणे बारीक राहिले. पुस्तकातलं एक पान तिच्या हाताखाली होतं.

मुंबईच्या दगडाची गोष्ट मला डायनोसॉरांच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते, आणि ती याच शहराची आहे. जुहूच्या वाळूवर उभं राहून पश्चिमेला पाहिलं तर समोरचा सगळा समुद्र जिथून उघडत गेला ती कड आपल्या पायाखाली आहे. या डोंगराच्या वयातला ५५ लाख वर्षांचा फरक पुसला की ही गोष्टही पुसली जाते.

मजकूर बदलताना

समितीची दुसरी बैठक वादाची झाली. काहींना डायनोसॉर हवेच होते. मुलं फलकापाशी थांबतात ती डायनोसॉरांसाठी, असं एक ताई म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सेक्रेटरींना 'मागेपुढे १२ लाख' ही ओळ खटकली. फलकावर आकडा ठाम हवा, नाहीतर आपल्याला नक्की माहीत नाही असं वाटेल, हा त्यांचा मुद्दा. मी सांगितलं की मोजणाऱ्याने चूक किती असू शकते हे लिहिलं म्हणूनच तो आकडा भरवशाचा आहे. किराणावाल्याच्या तराजूवर कशी खूण असते, तशी ही मोजमापाची खूण आहे. यावर काकांनी मध्यस्थी केली. "लिहा हो. दिवाळीच्या फराळाला पाहुणे किती येणार विचारलं तर आपण 'दहाबारा' म्हणतोच की. खोटं थोडंच बोलतो?"

शेवटी असा मजकूर ठरला. 'गिल्बर्ट हिल अर्थात गावदेवी डोंगर. काळ्या बेसाल्टचा, खांबांनी बनलेला सुळका. वय सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे, मागेपुढे १२ लाख. भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून सुटत होते त्या काळातल्या लाव्हातून हा डोंगर जन्मला. आजूबाजूचा असाच दगड खाणींत गेला. हा उरला आहे. कृपया दगडावर काही लिहू अथवा कोरू नये.' शेवटच्या विनंतीआधीची दोन वाक्यं काकांनी सांगितली आणि कुणीच त्यांना हात लावला नाही.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी पेंटर पत्र्यावर अक्षरं काढत होता. 'मागेपुढे' शब्द ओळीत बसेना म्हणून त्याने खाली छोट्या अक्षरांत घ्यायचं ठरवलं. काकांनी खुर्ची ओढली, त्याच्या बाजूला बसले आणि म्हणाले, "छोटं नको. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत काढ. हवं तर 'सुमारे' गाळ."